केळीच्या खोडाच्या रसानं कापड आगरोधक करायचं असेल तर

आमच्या हौशी नाट्यसंस्थेच्या विंगा मांजरपाटाच्या. एका तालमीला हॅलोजनचा दिवा स्टँडसकट कलंडला आणि विंगेला टेकला. पाण्याची बादली जवळ होती म्हणून निभावलं. वीतभर भोक पडायला किती वेळ लागला असेल? मी मागे वळून ‘अरे’ म्हणेपर्यंत. त्या दिवसापासून साधं सुती कापड किती चटकन पेटतं, हे कुणाला समजावून सांगायची गरज उरली नाही.

माझ्या मेव्हण्याची रावेरला केळीची बाग आहे. घड उतरला की खोडाचं काम संपलं. ती खोडं तोडून बांधावर टाकायची, नाहीतर मजूर लावून बागेबाहेर काढायची. बागेत काम करणाऱ्याचे कपडे वेगळे असतात, कारण केळीचा चीक लागला की डाग कपड्याबरोबरच जातो. इतका चिवट बसणारा रस कापडावर मुद्दाम लावला तर? हा विचार माझा नाही. मुंबईत माटुंग्याला 1924 पासून कापसावर काम करणारी सिरकॉट ही केंद्रीय संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी केळीच्या खोडाचा रस सुती कापडावर लावून त्याची ज्वलनशीलता मोजली आहे. या लेखातली कृती त्याच वाटेवरची आहे, फक्त घरच्या पातेल्यात आणि अंगणात जमेल अशी बसवलेली.

आधीच एक गोष्ट सांगतो, म्हणजे नंतर गैरसमज नको. हे कापड ‘न जळणारं’ होत नाही. पेटायला वेळ घेतं, ज्योत पसरू देत नाही, आणि तेही धुतलं नाही तोवरच. म्हणून हे पडदे, विंगा, झालरी, देखाव्याची पार्श्वभूमी यांच्यासाठी आहे. अंगावर घालायच्या कपड्यांसाठी नाही, लहान मुलांच्या कपड्यांसाठी तर मुळीच नाही, आणि स्वयंपाकघरातल्या हातपुसण्यालाही नाही.

रस काम कसं करतो

सुती कापड म्हणजे सेल्युलोज. ते तीनशे-साडेतीनशे अंशांच्या आसपास तापलं की तुटतं आणि त्यातून पेटणारे वायू निघतात. ज्योत दिसते ती या वायूंची. कापडात योग्य क्षार असले तर सेल्युलोज त्याहून कमी तापमानालाच तुटायला लागतं, आणि तुटताना वेगळ्या वाटेनं जातं: पाणी सोडतं आणि मागे कोळसा ठेवतं. साखर तव्यावर करपते तसं. पेटणारे वायू कमी, कोळसा जास्त, म्हणून ज्योतीला खाऊच मिळत नाही.

केळीच्या रसात पोटॅशियम भरपूर, शिवाय क्लोराइड, मॅग्नेशियम आणि थोडं फॉस्फरस. आसामात केळीची राख पाण्यात गाळून ‘कोलाखार’ करतात आणि तो स्वयंपाकात वापरतात. तो खारटपणा या क्षारांचाच. रसातली टॅनिनसारखी द्रव्यं डाग पाडतात आणि क्षारांना कापडावर धरून ठेवायलाही मदत करतात. थोडक्यात, वनस्पतीत काही जादू नाही, क्षार आहेत. हे लक्षात ठेवलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

मोजमाप कसं करतात, तेही पाहू. हवेत प्राणवायू 21 टक्के असतो. एखादं कापड जळत राहायला कमीत कमी किती टक्के प्राणवायू लागतो, त्या आकड्याला एलओआय म्हणतात. साध्या सुती कापडाचा एलओआय 18, म्हणजे हवेत ते आरामात जळतं. लोकरीचा 25 च्या आसपास, म्हणून घोंगडी सहज पेट घेत नाही. सिरकॉटच्या कामात टॅनिक आम्ल आणि तुरटी लावलेल्या सुती कापडावर अल्कधर्मी केलेला केळीचा रस चढवल्यावर हा आकडा 30 पर्यंत गेला. आडव्या चाचणीत ज्योत राहिलीच नाही, फक्त निखारा मिनिटाला साडेसात मिलिमीटर वेगानं सरकत राहिला. साध्या कापडापेक्षा हा वेग जवळजवळ दहापट कमी.

पण तो निखारा विसरू नका. साडेसात मिलिमीटर मिनिटाला म्हणजे फूटभर कापड जळायला चाळीस मिनिटं. प्रयोग संपतो, लोक घरी जातात, हॉलला कुलूप लागतं, आणि विंगेच्या कडेनं निखारा चाललेलाच असतो. माझी पहिली पट्टी ज्योत विझल्यावर मी ‘जमलं’ म्हणून पालापाचोळ्यात फेकली होती. चहा पिऊन बाहेर आलो तर पाचोळ्यातून धूर! केळीच्या रसाची खरी अडचण हीच, तिच्याकडे पुढे पुन्हा येऊ.

कापड निवडताना

शंभर टक्के सुती हवं. दुकानदार ‘कॉटनच आहे’ म्हणाला तरी एक धागा उसवून चिमट्यात धरून जाळून बघा. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते. पॉलिस्टर वितळतं, गोळा होतो, तो थंड झाल्यावर कडक मणी बनतो.

पॉलिस्टरवर ही कृती चालत नाही, कारण कोळसा व्हायला तिथे सेल्युलोजच नाही. मिश्र कापडाचं आणखी अवघड: सुताचा कोळसा वातीसारखा उभा राहतो आणि वितळलेलं पॉलिस्टर त्या वातीवर तेलासारखं जळतं. टेरिकॉटचे जुने पडदे घेऊन या फंदात पडू नका.

मंडपाची सिंथेटिक कापडं हा स्वतंत्र आणि गंभीर विषय आहे. 23 डिसेंबर 1995 ला हरियाणात डबवालीला शाळेच्या कार्यक्रमाच्या मंडपाला आग लागली आणि चारशेहून जास्त माणसं गेली, त्यात अर्ध्याहून जास्त मुलं. तसल्या छताला केळीचा रस लावून काही होणार नाही. ते कापड बदलणं एवढाच उपाय.

जाड कापड घ्या. मी दर चौरस मीटरला दीडशे ग्रॅम किंवा जास्त वजनाचा मांजरपाट घेतो. हात पुढे धरून कापडातून बोटं स्पष्ट दिसत असतील तर ते पातळ आहे. झिरझिरीत मलमलीवर कितीही रस चढवला तरी ती पेटते.

पायरी पहिली: खळ काढणं

मागावरून आलेल्या कोऱ्या कापडावर खळ असते. ती असेपर्यंत रस आत शिरत नाही. कापड रात्रभर कोमट पाण्यात भिजत घाला. सकाळी पाणी ओतून द्या. मग दर लिटरला चार-पाच ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून तासभर उकळा, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत खंगाळा.

झालं की नाही ते पाहायला वाळलेल्या कापडावर बोटानं पाण्याचा थेंब सोडा. थेंब तसाच उभा राहिला तर पुन्हा उकळा. तीन-चार सेकंदांत पसरून मुरला तर काम झालं. शंका असेल तर एका कोपऱ्यावर टिंक्चर आयोडीन टाका. निळं-जांभळं झालं तर खळ बाकी आहे. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि माझ्यासकट सगळे ती घाईनं करतात. मग कापडावर नकाशासारखे डाग उठतात.

वाळलेल्या कापडाचं वजन करून वहीत लिहा. पुढची सगळी मापं या वजनावर आहेत. खालची मापं एक किलो कोरड्या कापडासाठी आहेत. दीडशे ग्रॅम वजनाचं छत्तीस इंची कापड एका किलोत सात मीटरच्या आसपास बसतं.

पायरी दुसरी: हिरडा आणि तुरटी

रस कापडावर नुसता बसत नाही, त्याला धरायला काहीतरी लागतं. प्रयोगशाळेत टॅनिक आम्ल वापरतात, कापडाच्या वजनाच्या पाच टक्के. आपल्याकडे हिरडा आहे, आणि रंगारी लोक तो पूर्वापार याच कामाला वापरत आलेत. हिरड्यात साधारण तिसरा हिस्सा टॅनिन असतं, म्हणून दीडशे ग्रॅम हिरडा पूड घ्या. डाळिंबाची सालही चालते, पण त्यानं पिवळा रंग जास्त चढतो.

हिरडा पूड रात्रभर दोन लिटर पाण्यात भिजवा, सकाळी थोडी उकळून गाळा आणि पाणी घालून एकूण दहा लिटर करा. कापड ओलं करून त्यात बुडवा, मधून मधून खालीवर करत सहा-सात तास राहू द्या. पिळून, न धुता, सावलीत वाळवा. ते मळकट पिवळसर दिसेल, तसंच दिसायला हवं.

एक ताकीद. लोखंडी घमेलं, गंजलेली बादली, पत्र्याचा डबा यातलं काहीही वापरू नका. हिरडा आणि लोखंड एकत्र आलं की काळं होतं. पूर्वीची शाई अशीच बनायची. कुणी म्हणेल, विंगा काळ्याच हव्यात, मग बरंच की! पण लोखंड-टॅनिनचा काळा रंग काही वर्षांत सूत कुजवतो. विंगा काळ्या करायच्या असतील तर आधी नेहमीच्या रंगात रंगवून घ्या. स्टीलचं किंवा प्लास्टिकचं भांडं बरं. आणि जे पातेलं या कामाला घ्याल ते पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही, हे घरात आधी सांगून टाका. मी सांगितलं नव्हतं. आईचं कुकरचं मोठं भांडं अजून अंगणातच असतं.

दुसऱ्या दिवशी शंभर ग्रॅम तुरटी कुटून गरम पाण्यात विरघळवा, दहा लिटर कोमट पाण्यात मिसळा, आणि हिरड्याचं कापड त्यात अर्धा तास फिरवा. घट्ट पिळा. तुरटीचं पाणी कापडात फार उरलं तर पुढच्या अल्कधर्मी रसात फाटलेल्या दुधासारखा साका बसतो आणि रस वाया जातो. अर्धवट वाळू द्या.

तुरटी आम्लधर्मी आहे. ‘थोडी जास्त घातली तर काय होतंय’ असं करू नका. जास्त तुरटीनं काही महिन्यांत कापड ठिसूळ होतं.

पायरी तिसरी: रस

ताजं खोड हवं, घड उतरवल्यावर त्याच दिवसाचं, फार तर दुसऱ्या दिवसाचं. बाहेरची वाळकी सोपटं काढून टाका. आतला गाभा, ज्याची भाजी होते, तो पाहिजे तर घरी न्या. रस मधल्या पांढऱ्या सोपटांतून जास्त निघतो. अंगावर जुने कपडे आणि हातात मोजे असू द्या.

खोडाचे हातभर तुकडे करून उभे चिरा. सगळ्यात सोपं म्हणजे गावातल्या रसवंतीवाल्याला हंगाम नसताना गाठणं आणि उसाच्या चरकातून खोड काढणं. चरक नंतर लगेच धुऊन द्यायचा, नाहीतर पुढच्या वेळी तो दारात उभं करणार नाही. जवळपास केळीच्या खोडाचा धागा काढायचं यंत्र चालत असेल तर त्याहून बरं, तिथे रस ही वाया जाणारी गोष्ट असते. काहीच नसेल तर तुकडे कुटायचे आणि जाड फडक्यात पिळायचे. हातानं दहा किलोला तीन-चार लिटर निघतो, चरकात त्याहून बराच जास्त.

एक किलो कापडाला दहा लिटर रस लागेल. निघताना तो ताकाच्या निवळीसारखा फिकट असतो, आणि बघता बघता चहाचा रंग धरतो. हवा लागली की असं होतंच, घाबरू नका. दुहेरी फडक्यातून गाळा, दोन तास स्थिर ठेवा, वरचा निवळ रस काढून घ्या, तळाचा गाळ टाका. उद्यावर ढकलू नका. उन्हाळ्यात रात्रीतून आंबतो आणि त्याचा वास गल्लीभर जातो.

आता रस तापत ठेवा. कोमट झाला की धुण्याचा सोडा चिमटी-चिमटीनं घालत पीएच पट्टीनं तपासत राहा. पीएच 10 हवा. ही पट्टी शाळेच्या साहित्याच्या किंवा मत्स्यालयाच्या दुकानात मिळते. हिच्याशिवाय अंदाजानं करू नका. सोडा पडताच रस गडद तपकिरी होतो, तो बदल डोळ्यांना कळतो.

वाफा यायला लागल्या पण उकळी फुटली नाही अशा आचेवर तुरटीचं कापड आत सोडा. लाकडी काठीनं सतत फिरवत अर्धा तास. कापड घडीत अडकलं तर तेवढाच भाग कोरा राहतो, आणि आग नेमका तोच शोधते.

काढा, हलकं पिळा. धुवायचं नाही. इथे सवयीनं हात नळाकडे जातो. माझ्या सोबत्यानं एकदा चार मीटर कापड मनापासून खंगाळून दिलं होतं, तेव्हा आठवण म्हणून आता बादलीवर खडूनं लिहून ठेवतो.

उरलेला रस आटवून निम्मा करा. कापड वाळलं की त्यात दुसऱ्यांदा अर्धा तास बुडवा. ताज्या रसात पाणीच फार असतं, एका बुडीत क्षार पुरेसे चढत नाहीत. दुसरी बुडी मला नेहमी लागली आहे.

वाळवणं, जिथे सगळ्यांचं चुकतं

दोरीवर टाकू नका. ओलं कापड उभं टांगलं की रस खाली उतरतो, खालच्या काठाला क्षार साचतात आणि वरचा भाग कोरा पडतो. माझी पहिली विंग अशीच झाली. खालून कापलेली पट्टी चाचणीत मस्त, वरून कापलेली पट्टी भुरकन जळाली. दिवे कुठे असतात? वर.

खाटेवर, जाळीवर किंवा स्वच्छ प्लास्टिकवर आडवं पसरा. दर अर्ध्या तासानं उलटा. ऊन चालेल. पूर्ण वाळलं की उलट्या बाजूनं सुतासाठीच्या गरम इस्त्रीनं दाबून घ्या, मध्ये कोरा कागद ठेवा, नाहीतर इस्त्रीला तपकिरी थर चढतो. प्रयोगशाळेत 110 अंशांवर काही मिनिटं वाळवतात, इस्त्री त्याची घरगुती बदली.

कापड आता खाकी-तपकिरी झालेलं असेल. हा रंग जात नाही. पांढरा पडदा हवा असेल तर ही कृती तुमच्यासाठी नाही. पुन्हा वजन करा, वाढ वहीत लिहा. किती टक्के वाढ पुरे, याचा आकडा मी देत नाही, कारण खोड, जमीन, खत यांप्रमाणे रसातले क्षार बदलतात. तुमच्या घाण्याला किती वाढ पुरली हे तुमची पट्टी सांगेल, आणि पुढच्या घाण्याला तो आकडा कामी येईल.

पायरी चौथी: जाळून बघणं

याशिवाय कापड टांगायचं नाही. उघड्यावर, वारा नसताना, खाली मोकळी माती किंवा पत्रा, शेजारी पाण्याची बादली आणि वाळू. अंगावर सुती कपडे, ओढणी-उपरणं नको, केस बांधलेले. मुलांना लांब ठेवा आणि सोबत एक मोठं माणूस असू द्या.

कापडाच्या वरून, मधून आणि खालून प्रत्येकी दोन पट्ट्या कापा: एक उभ्या धाग्याच्या दिशेनं, एक आडव्या. तीस सेंटिमीटर लांब, साडेसात रुंद. शिवाय तेवढ्याच मापाची एक साध्या कापडाची पट्टी. सगळ्या पट्ट्या इस्त्रीनं कोरड्या करून, डब्यात गार करून मगच घ्या. पावसाळ्यात दमट पट्टी जाळली तर ती उगाच पास होते आणि मेमध्ये तीच विंग दगा देते.

पट्टी लोखंडी चिमट्यात उभी टांगा. खालच्या काठाच्या मध्यभागी गॅस लायटरची ज्योत बारा सेकंद धरा. बारा हा आकडा उभ्या चाचणीच्या अमेरिकी मानक पद्धतीतला आहे. ज्योत काढली की घड्याळ सुरू करा आणि तीन गोष्टी लिहा: ज्योत किती सेकंदांनी विझली, निखारा किती वेळ राहिला, काळी झालेली लांबी किती.

साधी पट्टी आधी जाळा, म्हणजे फरक डोळ्यांदेखत दिसेल: ती वरपर्यंत जाते आणि हातात काही राहत नाही. रसाची पट्टी ज्योत काढल्यावर दोन-तीन सेकंदांत विझली, कोळसा चार बोटांच्या आत राहिला, तर ज्योतीचा भाग जमला. सहापैकी एकही पट्टी वरपर्यंत जळाली तर सगळं कापड नापास. सरासरी काढायची नाही.

मग निखाऱ्याकडे बघा. अंधारात किंवा सावलीत बघा, उन्हात तो दिसत नाही. काळ्या भागाच्या कडेनं बारीक लाल रेघ सरकत असेल तर घड्याळ चालू ठेवा.

निखाऱ्याचं काय करायचं

पोटॅशियमचा हा स्वभाव आहे. ज्योत दाबतो, निखारा जोपासतो. सिगारेटच्या कागदाला पोटॅशियम सायट्रेट लावतात ते निखारा नीट चालत राहावा म्हणूनच. केळीत हेच पोटॅशियम सगळ्यात जास्त, तेव्हा निखारा राहिला तर त्यात तुमची चूक नाही.

निखारा दाबतात ते फॉस्फेट आणि बोरिक आम्ल. मी वाळलेल्या कापडावर शेवटची एक बुडी देतो: दहा लिटर गरम पाण्यात तीनशे ग्रॅम बोरिक आम्ल, पंधरा मिनिटं, हलकं पिळून पुन्हा आडवं वाळवणं. याच बोरिकची पूड कॅरमच्या पटावर टाकतात. यानंतर निखारा बहुतेक वेळा काही सेकंदांवर येतो. चाचणी मात्र पुन्हा पहिल्यापासून करायची.

कुणी म्हणेल, मग हे ‘वनस्पतीजन्य’ कुठे राहिलं? नाही राहिलं. आणि माझं त्यावर काही अडत नाही. तुरटीही काही झाडाला लागत नाही. मात्र बोरिक आम्ल आणि टाकणखार यांना युरोपात प्रजननाला घातक द्रव्यांच्या यादीत टाकलंय. म्हणून मोजे घाला, पूड उडू देऊ नका, गरोदर बाईला या कामाजवळ बसवू नका, आणि हे कापड अंथरायला-पांघरायला कधीच वापरू नका.

झाडाचंच फॉस्फरस हवं असेल तर फायटिक आम्ल आहे. तांदळाच्या आणि गव्हाच्या कोंड्यात ते साठलेलं असतं, आणि त्याच्या वजनाचा 28 टक्के भाग फॉस्फरस असतो, म्हणून आगरोधक कापडाच्या अभ्यासकांची सध्या त्याच्यावर फार मर्जी आहे. पण कोंडा भिजवून घरी काढलेल्या पाण्यात स्टार्च आणि प्रथिनं इतकी येतात की कापड चिकट होतं आणि उंदीर-झुरळांना मेजवानी. रसायनांच्या दुकानातून ते पन्नास टक्के द्रावणात आणता येतं. ते चांगलंच आम्ल असतं, तसंच लावून इस्त्री केली तर कापड कागदासारखं फाटतं; अमोनियानं आम्लपणा मारून मगच लावावं. मी छोट्या तुकड्यांपुरतंच केलंय, निकाल चांगले होते, पण पूर्ण विंगेचा खर्च पाहून थांबलो.

रस मिळतच नसेल तर

खोड सगळ्यांच्या दारात नसतं. त्यांच्यासाठी जुना, खनिजांचा उपाय सांगून ठेवतो. 1821 मध्ये फ्रान्सच्या अठराव्या लुईनं पॅरिसच्या नाट्यगृहांतली कापडं पेटू नयेत म्हणून गे-ल्युसॅक या रसायनशास्त्रज्ञाला कामाला लावलं. त्यानं अमोनियम फॉस्फेट, नवसागर आणि टाकणखार यांची मिश्रणं सुचवली. दोनशे वर्षांनंतरही नाटकवाले त्याच कुळातली मिश्रणं वापरतात. सात भाग टाकणखार, तीन भाग बोरिक आम्ल, हे दोन्ही मिळून बारा टक्के होतील एवढ्या गरम पाण्यात विरघळवायचं, कापड बुडवून हलकं पिळायचं आणि आडवं वाळवायचं. रंग बदलत नाही, एका दिवसात होतं आणि निकाल रसापेक्षा एकसारखा येतो. तुम्हाला फक्त विंगा सुरक्षित करायच्या असतील आणि केळीशी काही देणंघेणं नसेल, तर मी हेच करा म्हणेन.

टांगल्यावर

धुवायचं नाही, पाण्याचा फवारा मारायचा नाही. धूळ मऊ ब्रशनं झटका. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हे कापड हवेतला ओलावा ओढतं, दमट लागतं, कधी पांढरी पूड वर येते, कधी बुरशी. चार महिने वापर नसेल तर वाळवून, सुरळी करून, प्लास्टिकऐवजी सुती खोळीत ठेवा. घडी घालू नका, घडीवर कापड आधी चिरतं. हंगाम सुरू होताना काठ दोन्ही हातांनी ताणून बघा. कागदासारखा टर्रकन फाटला तर ती विंग गेली, कितीही आगरोधक असली तरी.

भिजलं, गळक्या छताखाली आलं, कुणी हौसेनं धुतलं, तर ते साधं कापड झालं असंच धरा आणि कृती पहिल्यापासून करा. रसाच्या कापडाला साबणाच्या धुण्यात थोडा टिकाव असल्याचं प्रयोगशाळेत दिसलंय, पण त्यावर विसंबून मी माणसं बसवणार नाही.

सार्वजनिक नाट्यगृहात किंवा मोठ्या मंडपात अग्निशमन खात्याला प्रमाणपत्र दाखवायचं असेल तर अंगणातल्या पट्ट्या कुणी मानणार नाही, मानूही नये. पडद्यांसाठी भारतीय मानक आहे, आयएस 15741. चाचणी मुंबईत घाटकोपरच्या बीटीआरएसारख्या प्रयोगशाळेत करून घेता येते. नमुना पाठवताना तुमच्या सगळ्यात वाईट पट्टीच्या शेजारचा तुकडा पाठवा.

प्रत्येक विंगेच्या मागच्या कोपऱ्यात मी पांढऱ्या कापडाची चिठ्ठी शिवतो. तिच्यावर कृतीची तारीख, बुड्या किती, शेवटची चाचणी कधी. शिवताना शेजारी त्याच घाण्यातल्या पाच-सहा सुट्या पट्ट्या सुतळीत ओवून टांगतो. दर हंगामाला पहिल्या तालमीआधी त्यातली एक तोडून अंगणात जाळायची, विझल्यावर पाण्यात बुडवायची आणि सेकंद चिठ्ठीवर लिहायचे. पट्ट्या संपल्या की विंग उतरवायची आणि रावेरला फोन लावायचा.